सुश्रुताच्या काळात मोडलेलं हाड खरंच नीट बसायचं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पासष्टीच्या आईंचं मनगट अंगणात घसरून पडल्याने मोडलं. इस्पितळात हाड बसवून प्लास्टर घातलं. आता मामांचा आग्रह आहे की प्लास्टर काढून टाकावं आणि गावच्या हाडवैद्याकडे न्यावं, कारण 'सुश्रुताने हे सगळं हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, तेव्हा कुठे एक्स-रे होते?' तर प्राचीन वैद्यांना हाडं खरोखर बसवता येत होती का, त्यातलं आज काय धरावं, आणि हाडं जुळवते म्हणतात ती कांडवेल दुधातून द्यावी का?

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. सुश्रुतसंहितेतले भग्नाचे दोन अध्याय, निदानस्थानातला पंधरावा आणि चिकित्सास्थानातला तिसरा, मी आवडीने आणि पुन्हा पुन्हा वाचलेत. म्हणून आधी दोन वाक्यांत उत्तर देतो. त्यांना हाडं बसवता येत होती, आणि बऱ्याच प्रकारांत उत्तम बसवता येत होती. पण मामा ज्याच्या नावाने प्लास्टर काढायला सांगताहेत, तो सुश्रुत इथे असता तर त्याने मामांनाच बाहेर बसवलं असतं. का, ते आता सविस्तर सांगतो.

मोडलेलं हाड कोणी जोडत नसतं, ते आपलं आपण जुळतं. गेल्या शतकात अडॉल्फ शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने रानातल्या गिबन वानरांचे सांगाडे तपासले. प्रौढ गिबनांपैकी साधारण एक तृतीयांश सांगाड्यांत कधीतरी मोडून पुन्हा जुळलेली हाडं सापडली. झाडावरून पडले, हाड मोडलं, वैद्य नाही, पाला नाही, पट्टी नाही, तरी जुळलं. तेव्हा 'अमक्याचं हाड तमक्याच्या लेपाने जुळलं' हा लेपाचा पुरावा होत नाही. ते कसं जुळलं, हे बघायचं. हात सरळ आहे का, पाय तोकडा झाला का, मूठ वळते का? सुश्रुताला हे पक्कं ठाऊक होतं. अध्याय संपवताना तो चांगल्या जुळणीच्या खुणा देतो: सांधा विस्कटलेला नसावा, अवयव आखूड झालेला नसावा, तिथे टेंगूळ नसावं आणि हालचाल सुखाने व्हावी. प्लास्टर काढल्यावर आमच्याकडे रुग्णाच्या कागदावर जे लिहिलं जातं, ते याहून फार वेगळं नसतं.

ग्रंथाचा नेमका काळ ठरवणं अवघड आहे. त्यात वेगवेगळ्या शतकांत भर पडत गेली, आणि नेपाळात जपलेली त्याची एक जुनी हस्तलिखित प्रत इ. स. ८७८ ची आहे. पण हा भाग लिहिणाऱ्याने हाडं हाताळली होती, याबद्दल मला शंका नाही. तो इजांचे आधीच दोन गट पाडतो. एक संधिमुक्त, म्हणजे सांधा निखळणं, याचे सहा प्रकार. दुसरा कांडभग्न, म्हणजे हाड मोडणं, याचे बारा. बारांमधले काही आजच्या एक्स-रेवर बोट ठेवून दाखवता येतात. वक्र म्हणजे वाकलेलं पण पुरतं न तुटलेलं हाड, लहान मुलांत आम्ही रोज बघतो ते. अश्वकर्ण म्हणजे तिरकं मोडून घोड्याच्या कानासारखं टोक वर आलेलं. चूर्णित म्हणजे चुरा झालेलं. मज्जानुगत म्हणजे एक तुकडा दुसऱ्याच्या पोकळीत घुसून बसलेला. एक्स-रे नसताना हे कसं कळायचं? बोटांनी आणि कानांनी. दाबल्यावर आवाज येतो, सूज फार असते, अंग लुळं पडतं, कुठल्याही स्थितीत चैन पडत नाही, अशी कांडभग्नाची लक्षणं दिली आहेत. हाडाची टोकं एकमेकांवर घासताना जो कुरकुर आवाज येतो, तो एकदा बोटाखाली आला की विसरता येत नाही. (आता तो मुद्दाम काढून बघायचा नसतो, रुग्णाला ब्रह्मांड आठवतं.)

कुठलं हाड कसं मोडतं हेही एका श्लोकात आहे: 'तरुणास्थीनि नम्यन्ते भज्यन्ते नलकानि तु । कपालानि विभिद्यन्ते स्फुटन्ति रुचकानि च ॥' कूर्चा (नाक-कानात असतं तसं मऊ हाड) वाकते, लांब नळीची हाडं मोडतात, कवटीसारखी चपटी हाडं तडकतात, दात फुटतात. पाठांतरासाठी रचलेलं असलं तरी यात यंत्रशास्त्र आहे. सुश्रुताने शरीरातली हाडं तीनशे मोजली. आपण २०६ मोजतो, कारण त्याने दात आणि कूर्चाही धरल्या. शव वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर बघायला सांगणारा हा माणूस आहे. त्याला 'ऋषिमुनींना दिव्य दृष्टी होती' वगैरे म्हणणं हा त्याच्या मेहनतीचा अपमान आहे, असं माझं मत.

आता बसवण्याकडे येऊ. सूत्र साधं आहे. खाली दबलेला तुकडा उचलावा, वर आलेला दाबावा, लांब सरकलेला ताणून आणावा, खाली गेलेला वर घ्यावा. क्रिया चार: ताणणं, दाबणं, टोकं जवळ आणणं आणि बांधणं. क्रम महत्त्वाचा, कारण मोडलेल्या हाडाभोवतीचे स्नायू आखडून टोकं एकमेकांवर चढवतात. आधी ताण दिल्याशिवाय नुसतं दाबून काही होत नाही. तुमच्या आईंचं मनगट बसवताना एका माणसाने कोपर धरून आणि डॉक्टरांनी पंजा धरून ओढलं असेल, मग अंगठ्याने तुकडा खाली रेटला असेल. तेच ताणणं आणि तेच दाबणं. फरक इतकाच की आईंना भूल होती. सुश्रुत शस्त्रकर्माआधी सवय असणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजायला सांगतो, त्यापलीकडे त्याच्याकडे वेदनेवर फारसं काही नव्हतं.

या मनगटाबद्दल एक गंमत सांगतो. हातावर पडून मनगटाशी जे हाड मोडतं, त्याला ग्रीकांपासून पुढची जवळजवळ सगळी मंडळी 'मनगट निखळलं' असंच समजत आली. आपल्याकडेही लोक तसंच म्हणतात. ते निखळणं नसून मोडणं आहे, हे डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये नीट मांडलं, तेही एक्स-रे येण्याच्या ऐंशी वर्षं आधी. म्हणजे जुन्यांच्या बोटांनाही मर्यादा होती. सूज चढलेल्या मनगटात सांधा कुठे संपतो आणि हाड कुठे मोडलंय हे चाचपून सांगणं मलाही जमत नाही, मी एक्स-रे बघतो.

सांधे निखळण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा हात खरोखर बसला होता. खांदा घ्या. सुश्रुत म्हणतो, खांद्याचा सांधा सुटला तर काखेत मुसळ घालून ती वर उचलावी, सांधा जागेवर बसला की स्वस्तिक, म्हणजे फुलीसारखी, पट्टी बांधावी. आता ग्रीसमध्ये चला. तिथला प्राचीन वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात खांदा बसवायच्या अनेक रीती आहेत: काखेत टाच लावून हात ओढणं, शिडीच्या पायरीवरून, खुर्चीच्या पाठीवरून, आणि त्यांत मुसळही आहे! मुसळावर मऊ कापड गुंडाळावं म्हणजे ते घसरणार नाही, आणि ते बरगड्या व दंडाच्या हाडाचा गोळा यांच्या मधोमध यावं, असा बारकावाही दिलाय. दोघांपैकी कोणी कोणाचं घेतलं यावर वाद घालण्यात मला रस नाही. घरात मुसळ होतं, काखेत टेकू लागतो, आणि खांदा दोन्हीकडे सारखाच निखळतो.

ही रीत चालते का? चालते. काखेत टेकू दिला, हात खाली ओढून अंगाकडे आणला की दंडाच्या हाडाचा गोळा बाहेर सरकून खोबणीत पडतो. टाच लावायची रीत तर कालपरवापर्यंत शिकवली जायची. पण काखेतूनच हाताच्या नसा आणि मोठी रक्तवाहिनी जाते. म्हाताऱ्या माणसाची रक्तवाहिनी कडक झालेली असते, ती अशा टेकूखाली फाटू शकते. म्हणून आता आम्ही रुग्णाला सैल सोडायला लावून, हळूहळू हात फिरवत बसवतो. जोर कमी आणि धीर जास्त लागतो. गंमत अशी की जबडा निखळल्यावर सुश्रुत आधी शेक द्यायला सांगतो, म्हणजे स्नायू सैल पडले पाहिजेत हे त्यालाही कळलं होतं. जबड्याचीच रीत इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन वैद्यकीय हस्तलिखितात पंचविसाव्या प्रकरणात आहे. अंगठे तोंडात दोन्ही बाजूंना मागे ठेवायचे, बोटं हनुवटीखाली, आणि मागे ढकलायचं. हा पपायरस इसवीसनापूर्वी सुमारे १६०० मधला. जांभई देताना जबडा निखळलेला माणूस आज तातडीच्या विभागात आला तर डॉक्टर हेच करतील, फक्त अंगठ्यांना कापसाचा जाड बोळा गुंडाळतील, कारण जबडा बसताना कचकन चावला जातो.

आता तुमच्या प्रश्नाच्या मर्मावर येतो: बांधणं. मामांचा भरवसा ज्यावर आहे ते हेच, आणि सुश्रुत सर्वांत काटेकोर आहे तोही इथेच.

त्याची रीत अशी. हाड बसवल्यावर मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन आणि तांदळाचं पीठ शतधौत घृतात कालवून लेप द्यायचा. शतधौत घृत म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप. ते इतकं धुतलं की पांढरं, मऊ, थंड होतं आणि त्वचेवर पातळ पसरतं. वरून कापडाची घडी. तिच्यावर कुशा, म्हणजे आधाराच्या कडक पट्ट्या: मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड, सालवृक्ष यांची साल, किंवा बांबू. आणि त्यावर बंध. ओली साल अंगाच्या वळणावर बसते आणि वाळली की कडक होते. १८५२ मध्ये हॉलंडच्या लष्करातले डॉक्टर अँटोनियस माथेसन यांनी प्लास्टर लावलेल्या पट्ट्यांची रीत प्रसिद्ध केली, तिच्यामागेही हेच आहे. ओलं असताना आकार घेणारं, वाळल्यावर घट्ट होणारं.

पण बंध किती आवळायचा? शब्दशः सांगतो: बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही, फार घट्ट बांधला तर त्वचा वगैरेंना सूज, वेदना आणि पाक (पू) होतो. म्हणून जाणकार मध्यम बंधच सांगतात. तो किती दिवसांनी सोडायचा? थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. आणि इजेत काही बिघाड दिसला तर वाट न बघता तेव्हाच.

या आकड्यांत एक अनुभवी माणूस बोलतोय. पहिले दोनतीन दिवस सूज वाढते, बंध आवळतो. मग सूज उतरते, बंध सैल पडतो आणि आत बसवलेलं हाड निसटायला लागतं. म्हणून बांधून विसरून जायचं नाही. हिपोक्रेटिसच्या ग्रंथात याची बोटांवरून ओळखायची खूण आहे: पट्टी बांधल्यावर दुसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांशी थोडी मऊ सूज दिसली तर बंध बरोबर, अजिबात नाही तर सैल, कडक सूज आली तर फार घट्ट. तिथेही पट्टी दर तिसऱ्या दिवशी सोडून पुन्हा बांधायची, आणि सातव्या दिवसाच्या आसपास सूज उतरली की मगच कडक पट्ट्या लावायच्या. आमच्याकडेही ताजी सूज असताना अर्धंच प्लास्टर देतात, पूर्ण प्लास्टर नंतर. आणि पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात तो निसटलं का हे बघायला, पैसे उकळायला नव्हे. आईंचा तो एक्स-रे झाला नसेल तर आधी तो करा.

आता गावोगावी होतं काय ते सांगतो. बांबूच्या कामट्या, त्यांवर चिंधी, त्यावर सुतळी, आणि ती करकचून. 'पंधरा दिवस हात लावायचा नाही' अशी ताकीद. आत हात सुजतो, बंध ढळत नाही, स्नायूंच्या कप्प्यात दाब चढतो आणि रक्त पोचेनासं होतं. साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरायला लागतात. मूल रात्रभर रडतं, घरचे म्हणतात हाड जुळतंय म्हणून दुखतंय. सकाळी रडणं थांबतं, सगळ्यांना हायसं वाटतं. खरं तर तेव्हा नसा बधिर झालेल्या असतात. पुढे बोटं आकड्यासारखी आत वळून कायमची आखडतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन वोल्कमन यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून आम्ही त्यांचं नाव लावतो. आठनऊ वर्षांच्या पोरांचे असे हात मी पाहिलेत. मोडलेलं हाड साधं, महिन्याभरात बरं झालं असतं. गेला तो हात बंधामुळे. आणि वाईट याचं वाटतं की 'घट्ट बांधू नका, तिसऱ्या-पाचव्या दिवशी सोडून बघा' हे ज्याने लिहून ठेवलं, त्याच्याच परंपरेचं नाव घेऊन हे होतं.

इतकं कडक लिहिलं तरी सगळ्या हाडवैद्यांना एका दोरीत बांधणं मला पटत नाही. त्यांतल्या काहींच्या अंगठ्याला जी जाण असते ती मी मानतो. विशेषतः निखळलेलं बोट किंवा कोपर ते सफाईने बसवतात. सुश्रुतही कोपर अंगठ्याने चोळून, दाबून, मग लांबवून दुमडायला सांगतो, आणि ही विद्या बापाकडून मुलाकडे तशीच आली असणार. पण त्यांचा लौकिक कशावर उभा आहे हेही बघा. निम्मी माणसं नुसता मुरगळा घेऊन येतात. मुलांची हाडं वाकडी जुळली तरी वाढीत पुष्कळशी सरळ होतात. बारीक चीर काही केलं नाही तरी जुळते. आणि ज्यांचं बिघडतं ती माणसं त्यांच्याकडे परत न जाता आमच्याकडे येतात, त्यामुळे त्यांच्या खात्यावर अपयश जमाच होत नाही.

पायाच्या हाडांचं प्रकरण वेगळं, आणि मला सर्वांत आवडतं ते तिथलं. मांडी किंवा नडगी मोडली तर सुश्रुत रुग्णाला फळीवर झोपवतो. त्या फळीवर पाच खुंट्या: सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोनदोन, आणि एक तळपायाशी. त्यांना पाय बांधायचा म्हणजे कुशीवर वळतानाही तो हलणार नाही. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडायचे, ही आम्ही पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला सांगतो ती गोष्ट, आणि तळपायाची खुंटी पाऊल बाहेर लोळू देत नाही. मांडीचं हाड खुब्यातून निघालं असेल तर चाकाला दोर लावून ताणायला सांगितलंय. मांडीचे स्नायू माणसाच्या हाताने ताणले जात नाहीत, यंत्र लागतं, हे ग्रीकांनाही कळलं होतं. त्यांनी त्यासाठी दोन्ही टोकांना फिरकी असलेलं लाकडी बाकडं बनवलं. रोमचा वैद्यक-लेखक केल्सस मात्र सरळ कबूल करतो की मांडी मोडली की पाय तोकडा होतोच.

लोकांवर छाप पाडणारेही तेव्हा होते. पाठीचं कुबड घालवायला माणसाला शिडीला बांधून उंचावरून आदळवायची एक रीत होती. हिपोक्रेटिसच्या ग्रंथात तिच्याबद्दल लिहिलंय की ही करणारे बहुतेक जण गर्दीला थक्क करायला करतात. आजचे 'एका झटक्यात मणका बसवणारे' व्हिडिओ बघताना मला ते वाक्य आठवतं.

आणि जिथे त्यांचं चालत नव्हतं तिथे ते कबूल करत. कमरेचं चपटं हाड फुटलेलं, कपाळाचा चुरा झालेला, पाठीत किंवा डोक्यात मोडलेलं, हे वैद्याने घेऊ नये, असं सुश्रुत म्हणतो. म्हातारा, दुर्बळ, दम लागणारा माणूस असेल, किंवा मोड सांध्याजवळ असेल, तर काम कठीण. नीट बसवलेलं हाडसुद्धा चुकीचं ठेवल्याने, चुकीचं बांधल्याने किंवा हिसके बसल्याने बिघडतं आणि मग हाताबाहेर जातं, हेही त्यानेच सांगितलंय. पण सगळ्यांत मोठी भीती होती ती हाड कातडी फोडून बाहेर आलेल्या जखमेची. हिपोक्रेटिसच्या ग्रंथात मांडीचं किंवा दंडाचं हाड असं बाहेर आलं असेल तर शोभेल असा बहाणा काढून केस टाळा, असाच सल्ला आहे. सुश्रुत मध आणि तूप लावून जखम बघतो, आणि भग्न पिकू नये म्हणून वैद्याने झटावं, कारण स्नायू आणि शिरा पिकल्या की बरं होणं कठीण, असं बजावतो. जंतू माहीत नसताना यापलीकडे जाणं शक्य नव्हतं. १९०८ मध्ये इजिप्तच्या नागा-एद-देर इथल्या कबरींतून निघालेल्या, साडेचार हजार वर्षं जुन्या दोन मोडलेल्या हाडांचं वर्णन प्रसिद्ध झालं. एक मांडीचं, एक हाताचं, दोन्हींवर पट्ट्या व्यवस्थित बांधलेल्या. हाताच्या हाडाशी रक्त टिपायला ठेवलेला धाग्यांचा बोळा तसाच. हाडांवर जुळण्याची खूण नाही, म्हणजे बांधलं चांगलं, पण माणूस थोड्याच दिवसांत गेला. आज जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कापडाने झाका, हाड आत ढकलू नका, आणि जवळ शस्त्रक्रियेची सोय असेल तिथे न्या. अँटिबायोटिक औषध पहिल्या काही तासांत मिळालं तर पाय वाचण्याची शक्यता वाढते. खुबा निखळला असेल तरी घाई हवी, सहा तासांच्या आत बसला नाही तर मांडीच्या हाडाचा गोळा रक्ताविना मरण्याचा धोका वाढत जातो.

आईंच्या बाबतीत आता काय करायचं? प्लास्टर राहू द्या, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, बहुधा पाच ते सहा आठवडे. बोटं निळी पडली, बधिर झाली, मुंग्या थांबेनात, किंवा बोटं सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं, तर रात्र असली तरी प्लास्टर सैल करून घ्यायला जा. बांगड्या-अंगठ्या अजून हातात असतील तर आजच काढा. सुश्रुताने जुळण्याचा काळ वयावर दिलाय: तरुणाला महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन. पासष्टीला पूर्ण ताकद यायला तीन महिने हा अंदाज आजही चुकत नाही.

प्लास्टर असतानाही बोटं, कोपर आणि खांदा हलवत राहायचं. मनगट बरं होतं आणि खांदा कायमचा आखडतो, हे बायकांत फार दिसतं, कारण त्या हात झोळीत घालून बसून राहतात. प्लास्टर निघाल्यावर काय करायचं, त्यासाठी सुश्रुताचा एक श्लोक मी रुग्णांना सांगतो: 'मृत्पिण्डं धारयेत् पूर्वं लवणं च ततः परम् । हस्ते जातबले चापि कुर्यात् पाषाणधारणम् ॥' आधी मातीचा गोळा हातात धरावा, मग मिठाचा खडा, हातात बळ आलं की दगड. हलक्याकडून जडाकडे, मऊकडून कठीणाकडे. फिजिओथेरपीत मऊ चेंडूपासून डंबेलपर्यंत जातात तेच. आईंना मातीऐवजी कणकेचा गोळा द्या, दिवसातून तीनचार वेळा पाचपाच मिनिटं दाबू दे. पाण्याने भरलेली कळशी मात्र तीन महिने त्यांच्या हातात देऊ नका, त्या ऐकणार नाहीत, तरीही.

राहिली कांडवेल. हाडसांधी म्हणतात तीच. ती अकराव्या शतकातल्या चक्रदत्तासारख्या नंतरच्या ग्रंथांत दुधाबरोबर घ्यायला सांगितली आहे; सुश्रुताचा भर लाख (झाडावर किडे बनवतात ती), दूध, तूप, भात, मटाराचं कढण, मांसरस अशा पौष्टिक आहारावर आहे, आणि खारट, आंबट, तिखट व रुक्ष अन्न टाळण्यावर. कमी खाणाऱ्याचं हाड कष्टाने जुळतं, असंही तो म्हणतो. बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात कांडवेलीचे प्राण्यांवर प्रयोग केले, त्यांत हाड लवकर भरताना दिसलं. माणसांत ती प्लास्टरची जागा घेईल असा पुरावा नाही. शिजवलेल्या कांडवेलीची चटणी घरात होत असेल आणि आईंना सोसत असेल तर मी अडवणार नाही. कच्चा रस मात्र नको, घसा आणि जीभ भयंकर खाजते. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. त्याहून गरजेचं म्हणजे ड जीवनसत्त्व तपासा आणि हाडांची घनता मोजून घ्या. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं याचा अर्थ हाडं विरळ झाली असण्याची शक्यता बरीच आहे, आणि पुढची पाळी खुब्याची असू शकते. तो मोडला तर सुश्रुताची फळी आणि पाच खुंट्या पुरणार नाहीत, शस्त्रक्रिया करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसाला उभं करावं लागतं. अंगणात शेवाळ धरलं असेल तर ते या आठवड्यात घासून काढा.